अमळनेरचा डबा आणि अर्ध्यावर थांबवलेली अभिक्रिया

दुसरे महायुद्ध संपून चार महिने झाले होते. रेशनच्या रांगा अजून हटल्या नव्हत्या, साजूक तूप सामान्य घराच्या आवाक्याबाहेर चालले होते आणि स्वातंत्र्याची चाहूल लागली होती. अशा वेळी, २९ डिसेंबर १९४५ रोजी, ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी नोंदवली गेली. तिचे संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी हे तांदळाच्या व्यापारातले मोठे नाव. कारखान्यासाठी त्यांनी निवडले ते पूर्व खानदेश जिल्ह्यातले, बोरी नदीकाठचे अमळनेर.

अमळनेर आज जळगाव जिल्ह्यात आणि नाशिक महसूल विभागात आहे. नाशिकहून मालेगाव, धुळे मागे टाकून पुढे गेले की हे गाव लागते. संत सखाराम महाराजांची वाडी, प्रताप मिल, तत्त्वज्ञान मंदिर आणि साने गुरुजींनी जिथे मुलांना शिकवले ते प्रताप हायस्कूल, एवढी पुण्याई या गावाच्या गाठीशी आधीपासून होती. त्यात या कंपनीने एका रासायनिक अभिक्रियेची भर घातली. कंपनीचे लांबलचक नाव पुढे आखडून ‘विप्रो’ झाले आणि ते संगणकामुळे जगभर पोचले. पण या उद्योगाचा पाया संगणकाने घातलेला नाही. तो घातला शेंगदाण्याच्या तेलाने, हायड्रोजनने आणि निकेलच्या भुकटीने. कार्बनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध उघडून तिथे हायड्रोजन बसवायचा, हे त्या कारखान्याचे मूळ काम. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याला समावेशन अभिक्रिया म्हणतात.

ही अभिक्रिया खानदेशात पोचण्याच्या अर्धशतक आधी फ्रान्समध्ये सापडली. १८९६ साली आंरी म्वासाँ आणि शार्ल मूर या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ताज्या निकेलवरून ॲसिटिलीन वायू सोडून पाहिला. ॲसिटिलीन म्हणजे कार्बाइडवर पाणी पडले की निघणारा वायू. जत्रेत आणि तमाशाच्या फडात ज्याचे दिवे जळत तोच. त्याच्या रेणूत दोन कार्बन तिहेरी बंधाने जोडलेले असतात. निकेलला स्पर्श होताच धातू लालभडक झाला, काजळी साचली आणि काही द्रवपदार्थ मिळाले. निकेलच्या सच्छिद्र पृष्ठभागाने वायू शोषून घेतला आणि त्यातून उष्णता निघाली, असा अर्थ त्यांनी लावला. तुलूझ विद्यापीठातल्या पॉल सबात्ये यांना हे पटेना. निकेल वायूला केवळ धरून ठेवत नाही, त्याच्याशी काही रासायनिक देवाणघेवाण करते, असे त्यांना वाटत होते. धर्मगुरू असलेले त्यांचे सहकारी जाँ-बाप्तिस्त सांदरां यांना सोबत घेऊन त्यांनी ॲसिटिलीनऐवजी एथिलीन घेतले. एथिलीनमध्ये दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो. तापलेल्या निकेलवरून एथिलीन गेले आणि बाहेर आलेल्या वायूत मुख्यतः ईथेन सापडले. ईथेनमध्ये एथिलीनपेक्षा हायड्रोजनचे दोन अणू जास्त असतात. काही एथिलीन मोडून त्यातला हायड्रोजन उरलेल्या एथिलीनला मिळाला होता, हे उघड झाले.

मग पुढची पायरी स्पष्टच होती. १८९७ साली त्यांनी एथिलीनबरोबर हायड्रोजन आपणहून मिसळून निकेलवरून सोडला आणि त्याचे सहज ईथेन झाले. ॲसिटिलीनवरही हाच प्रयोग यशस्वी झाला. तिहेरी बंध असल्यामुळे त्याने दुप्पट हायड्रोजन घेतला. निकेल मात्र होते तसेच राहिले, पुढच्या खेपेला तयार. या कामासाठी सबात्ये यांना १९१२चे नोबेल पारितोषिक व्हिक्टर ग्रिन्यार यांच्याबरोबर विभागून मिळाले.

दुहेरी बंधाला असे काही जोडून घेण्याची ओढ का असते, हे इथेच समजून घ्यायला हवे. कार्बन चार बंध करतो. ईथेनमध्ये प्रत्येक कार्बनचे चारही बंध चार वेगवेगळ्या अणूंशी असतात. नव्या अणूला जागा उरत नाही. म्हणून त्याला संपृक्त म्हणतात. एथिलीनमध्ये मात्र दोन कार्बनांनी आपसात दोन बंध केलेले असतात. त्यातला पहिला पक्का असतो. दुसऱ्या बंधाचे इलेक्ट्रॉन कार्बनांना जोडणाऱ्या रेषेच्या वर आणि खाली पसरलेले असतात आणि बाहेरून येणाऱ्या कणाच्या सहज हाती लागतात. ब्रोमीन आला की हा दुसरा बंध सुटतो आणि दोन कार्बनांवर एकेक ब्रोमीन बसतो. ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग उडून जातो. हायड्रोजन ब्रोमाइड आले तर एका कार्बनवर हायड्रोजन आणि दुसऱ्यावर ब्रोमीन. कोणाच्या वाट्याला काय येणार याचा नियम रशियाच्या मार्कोव्हनिकोव्ह यांनी १८६९-७०च्या सुमारास मांडला: ज्या कार्बनकडे आधीच जास्त हायड्रोजन आहेत, त्याच्याकडेच नवा हायड्रोजन जातो. हायड्रोजन वायूची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या दोन अणूंमधला बंध इतका घट्ट असतो की एथिलीनबरोबर नुसता कोंडून ठेवला तर काहीच घडत नाही. तो बंध तोडायला निकेलचा पृष्ठभाग लागतो.

सबात्ये यांचे प्रयोग वायू आणि वाफेवरचे होते. तेलाची वाफ करणे अवघड, आणि द्रव तेलात ही युक्ती चालेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. जर्मनीतल्या हेरफोर्ड गावी विल्हेल्म नॉर्मन नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली तेलात आढळणाऱ्या ओलिइक आम्लात निकेलची भुकटी घालून त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सोडले. पातळ ओलिइक आम्लाचे घट्ट स्टिअरिक आम्ल झाले. १९०२ साली त्यांना पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनच्या क्रॉसफिल्ड साबण कारखान्याने ते हक्क घेतले आणि दहा वर्षांच्या आत अशी घट्ट केलेली तेले टनांनी निघू लागली. साबणाला आणि मेणबत्तीला लागणारी महाग चरबी आता स्वस्त तेलापासून मिळू लागली. तिथून स्वयंपाकघर फार दूर नव्हते. १९११ साली अमेरिकेत ‘क्रिस्को’ नावाचे असेच घट्ट केलेले खाद्यतेल बाजारात आले.

भारतात हा पदार्थ, म्हणजे वनस्पती तूप, पहिल्यांदा आला तो हॉलंडहून, डब्यांत भरून. तुपाशी त्याचे रूप जुळत होते आणि किंमत तुपापेक्षा बरीच कमी होती. मागणी पाहून लिव्हर कंपनीने हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १९३२ साली मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला. १९३७ साली तिथून ‘डालडा’ निघाला आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत कुठल्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला डालडाच म्हणू लागले. लग्नाच्या पंगतीतली बुंदी, दिवाळीच्या करंज्या, हॉटेलातला पराठा, बेकरीची खारी आणि नानकटाई यांची परवडणारी रीत या डब्याने घालून दिली. ज्या घरात साजूक तूप केवळ देवाच्या निरांजनात आणि वरणभातावर थेंबभर असे, त्या घरातही आता तुपासारखा दिसणारा पदार्थ तळणीला मिळाला. ही सोय लहान नव्हती आणि ती ज्यांना मिळाली त्यांच्या बाजूने हा इतिहास वाचलाच पाहिजे.

प्रेमजींचा कारखाना उभा राहिला तो या पार्श्वभूमीवर. खानदेशात कापसाबरोबर भुईमूग भरपूर पिकत होता. सुरतेहून येणारी तापी खोऱ्याची रेल्वे अमळनेरवरून जात होती, म्हणजे मुंबई आणि गुजरात दोन्हीकडे माल पाठवता येत होता. १९४६ साली कंपनीचे समभाग लोकांसाठी खुले झाले आणि अमळनेरच्या अनेकांनी ते घेतले. ‘सनफ्लॉवर’ छापाचे वनस्पती तूप आणि ‘७८७’ हा कपड्यांचा साबण ही कंपनीची सुरुवातीची ओळख. दोन्हींच्या मुळाशी तेलच होते.

वनस्पतीच्या कारखान्यात तेलाचे काय होते, ते जवळून पाहू. शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल असते. घाणीतून किंवा यंत्रातून निघालेल्या तेलात आधी क्षार घालून त्यातली मोकळी आम्ले काढतात, मग मातीतून गाळून त्याचा रंग उतरवतात. असे स्वच्छ तेल पोलादाच्या बंद टाकीत जाते. त्यात निकेलचा अगदी बारीक चुरा मिसळतात, तापमान दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे नेतात आणि दाबाखाली हायड्रोजन सोडून तेल जोरात घुसळत राहतात. एकदा अभिक्रिया सुरू झाली की तिचीच उष्णता एवढी निघते की टाकी थंड ठेवण्याची व्यवस्था करावी लागते. काम झाले की निकेल गाळून काढतात, निर्वातात वाफ सोडून वास घालवतात, जीवनसत्त्व घालतात आणि पातळ, गरम माल डब्यांत भरून सावकाश थंड करतात. सावकाश अशासाठी की त्यामुळे तुपासारखे दाणे धरतात. लोकांना रवाळ तूप हवे होते.

या सगळ्यात हायड्रोजन लागतो तो किती? तेलात दुहेरी बंध किती आहेत हे मोजण्याची रीत ऑस्ट्रियाच्या ह्यूबल यांनी १८८४ साली दिली. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन सामावून घेते, ते त्याचे आयोडीन मूल्य. तीही समावेशन अभिक्रियाच. हायड्रोजनच्या जागी आयोडीन, एवढाच फरक. शेंगदाणा तेलाचे आयोडीन मूल्य साधारण ८५ ते १०० असते. ते वीसने उतरवले तरी तेल घट्ट होऊ लागते. हिशेब केला तर १५ किलोच्या डब्याला त्यासाठी जेमतेम २४ ग्रॅम हायड्रोजन पुरतो. एवढ्याशा वायूने आख्खा डबा पातळाचा घट्ट होतो, कारण हे २४ ग्रॅम नेमके रेणूच्या नाजूक जागी जाऊन बसतात.

सगळे दुहेरी बंध भरून टाकले तर? मग मिळते ते सत्तर अंशांच्या आसपास वितळणारे, मेणबत्तीसारखे कडक मेद. ते खाता येण्याजोगे नसते. टाळूला चिकटून बसते. म्हणून वनस्पतीच्या कारखान्यातले खरे कसब अभिक्रिया कुठे थांबवायची यात होते. अंगाच्या उष्णतेला वितळेल पण खोलीत घट्ट राहील, अशा नेमक्या क्षणी हायड्रोजन बंद करायचा. अमळनेरला असो की शिवडीला, पाळीवरचा रसायनज्ञ थोड्या थोड्या वेळाने नमुना काढून तपासत असे तो याच क्षणासाठी. आणि पुढे जे वादळ उठले, त्याचे बीजही याच अर्ध्यावर थांबण्यात होते.

पहिले वादळ मात्र रसायनाचे नव्हते, विश्वासाचे होते. वनस्पती दिसायला तुपासारखे. साजूक तुपात ते मिसळले तर ओळखणार कसे? गांधीजींनी १९४६ साली ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले. शेतकऱ्याच्या गाईम्हशींवर, गावच्या तुपावर आणि लोकांच्या आरोग्यावर हा घाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकुरदास भार्गव यांनी संसदेत वनस्पतीवर बंदी आणणारे विधेयक मांडले. देशभर मते मागवली गेली. बंदी आली नाही, पण नियम आले. वनस्पतीला तुपाचा रंग किंवा वास देता येणार नाही, त्यात ‘अ’ जीवनसत्त्व घातलेच पाहिजे, आणि त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे.

तिळाच्या तेलाची अट मोठी हुशारीची होती. तिळाच्या तेलात असे काही घटक असतात जे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल यांच्याबरोबर हलवले की किरमिजी रंग देतात. याला बोदुआँची चाचणी म्हणतात. परीक्षानळीत वितळलेले तूप घ्यायचे, आम्ल घालायचे, फुरफुरालचे थोडे थेंब टाकायचे, हलवून बाजूला ठेवायचे. खालचा आम्लाचा थर लालसर झाला की तुपात वनस्पती आहे. साजूक तुपात तीळ येणार कुठून? एका स्वयंपाकाच्या तेलाने दुसऱ्याची चोरी पकडून द्यावी, ही युक्ती इतकी सोपी आणि टिकाऊ निघाली की देशातल्या अन्न तपासणीच्या प्रयोगशाळांत ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. चोरवाट पुरती बुजली नाही, पण गृहिणीच्या आणि गवळ्याच्या हाती एक साधन आले.

१९६६च्या ऑगस्टमध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींचे अचानक निधन झाले. त्यांचा मुलगा अझीम तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला अभियांत्रिकी शिकत होता. शिक्षण सोडून तो परतला. वार्षिक सभेत एका भागधारकाने त्याला उघड सल्ला दिला: तुझा हिस्सा एखाद्या जाणत्या माणसाला विकून टाक. तो सल्ला त्याने मानला नाही. अमळनेरच्या कारखान्यात त्याने हात घातला तो खरेदीपासून. शेंगदाणा घेताना जुने जाणकार दाणा चावून त्यातल्या तेलाचा अंदाज बांधत. त्या जागी प्रयोगशाळेतली तपासणी आली. दाण्यात तेल किती आणि ओल किती याचा आकडा पाहून भाव ठरू लागला. अनुभवाला कमी लेखण्याचे कारण नाही, पण ज्या धंद्याचा आत्मा दुहेरी बंधांच्या मोजदादीत आहे, तिथे दारात येणाऱ्या मालाचीही मोजदाद हवी, हे त्या तरुणाने ओळखले. १९७७ साली कंपनीच्या नावात ‘विप्रो’ आले आणि ऐंशीच्या दशकात ती संगणकाकडे वळली. १९४६ साली घेतलेले समभाग ज्या अमळनेरकर घरांनी जपून ठेवले, त्यांचे नशीब पालटले. तेलाच्या कारखान्यातून मिळालेले भांडवल आणि मोजून काम करण्याची सवय या दोन्ही गोष्टी त्या वळणावर कामी आल्या, असे मला ठामपणे वाटते.

आता दुसरे वादळ; हे मात्र थेट रेणूच्या पोटातले होते. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजन दुहेरी बंधात कसा शिरतो, याचे चित्र जपानचे जुरो होरिउटी आणि मायकेल पोलान्यी यांनी मँचेस्टरला १९३४ साली मांडले. हायड्रोजनचे दोन अणू एकदम येत नाहीत. आधी निकेलवर हायड्रोजनचा रेणू फुटतो. तेलाचा रेणू दुहेरी बंधाच्या जागी निकेलला टेकतो. मग एक हायड्रोजन एका कार्बनवर जातो. या क्षणी रेणू अर्धवट भरलेला असतो: एका कार्बनला हायड्रोजन मिळाला आहे, दुसरा अजून निकेलला धरून आहे, आणि दोघांमध्ये आता एकेरी बंध असल्यामुळे रेणूची शेपटी फिरू शकते. लगेच दुसरा हायड्रोजन आला तर काम पुरे. पण तो आला नाही, तर पहिला टप्पा उलटतो. एक हायड्रोजन परत निकेलकडे जातो, दुहेरी बंध पुन्हा बनतो आणि रेणू सुटतो. फक्त मधल्या वेळात शेपटी फिरली असेल, तर नवा दुहेरी बंध आधीसारखा नसतो.

निसर्गातल्या तेलात दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकाच अंगाला असतात, म्हणून रेणूला कोपर येते आणि असे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत. तेल पातळ राहते. फिरलेल्या बंधात साखळ्या विरुद्ध अंगांना जातात आणि रेणू जवळजवळ सरळ होतो. हेच ट्रान्स मेद. एकच उदाहरण पुरे: ओलिइक आम्ल १३ अंशांना वितळते, त्याचेच ट्रान्स रूप ४५ अंशांच्या आसपास. दुहेरी बंध तितकेच, हायड्रोजन तितकाच, पण एक पातळ तर दुसरे घट्ट. म्हणून वनस्पतीच्या घट्टपणात ट्रान्स मेदाचा मोठा वाटा होता आणि कारखान्याला तो खुपत नव्हता. उलट कमी हायड्रोजनमध्ये हवा तसा रवाळपणा मिळत होता. हायड्रोजनचा दाब कमी आणि तापमान जास्त ठेवले की ट्रान्स वाढतो.

१९९० साली नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी दाखवून दिले की ट्रान्स मेदाने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटते. हृदयविकाराशी त्याचा संबंध पुढच्या अभ्यासांनी पक्का केला. डेन्मार्कने २००३ साली तेला-मेदांतल्या ट्रान्सवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. २००९ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने भारतातल्या वनस्पती तुपाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत ट्रान्स मेद त्या मर्यादेच्या पाच ते बारा पट निघाला. आपल्याकडे मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली: आधी १० टक्के, मग ५, २०२१ साली ३ आणि जानेवारी २०२२पासून २ टक्के. कारखान्यांनी आता दुसरी वाट धरली आहे. घट्ट आणि पातळ तेलांतल्या मेदाम्लांची अदलाबदल करून, हायड्रोजन अर्धवट न घालता, हवा तो घट्टपणा आणतात.

अमळनेरच्या पहिल्या पिढीला यासाठी दोषी धरणे अन्यायाचे होईल. त्या काळी ट्रान्स मेदाचे हे दुखणे जगात कोणालाच उलगडले नव्हते. पण होरिउटी-पोलान्यींचे चित्र १९३४पासून उपलब्ध होते आणि अर्धवट भरलेला रेणू उलटू शकतो, हे त्यात स्पष्ट होते. त्या फिरलेल्या रेणूचे शरीरात काय होते, हा प्रश्न ठामपणे विचारून त्याचे उत्तर मिळवायला मात्र अर्धे शतक लागले. तुपाच्या भेसळीची चाचणी आपण लगेच शोधली, कारण फसवणूक डोळ्यांना दिसत होती. रेणूच्या आकारातला बदल दिसत नव्हता, म्हणून तो नियमांतून निसटला.

आज नाशिक, धुळे, जळगावच्या वर्गांत अकरावीची मुले अल्कीन आणि अल्काइनच्या समावेशन अभिक्रिया शिकतात. समीकरणात बाणावर निकेल लिहिलेले असते, डावीकडे दुहेरी बंध, उजवीकडे एकेरी, आणि प्रश्न दोन गुणांचा. त्या बाणाने आपल्याच विभागातल्या एका गावात कारखाना उभा केला, हजारो घरांच्या तळणीला तेल-तूप पुरवले आणि एका पिढीच्या हृदयावर ओझेही टाकले, हे मुलांना सांगायला हवे. बाण एका फटक्यात डावीकडून उजवीकडे जात नाही, मध्ये एक अर्धवट टप्पा असतो आणि तिथून परतीची वाटही असते, हेही त्याच तासाला शिकवायला हवे. पुढे एखाद्या कारखान्यात नमुना काढून अभिक्रिया थांबवण्याची वेळ यांच्यातल्या कोणावर आली, तर उरलेल्या रेणूंचे काय झाले हा प्रश्न त्याने पहिल्या दिवशीच विचारावा. अमळनेरच्या डब्याचा इतिहास शिकण्याचा खरा उपयोग हाच आहे.